बेटावर सहकुटुंब जेवायचं कसं: हॉटेलात की बाहेर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा जणांचं कुटुंब, त्यात ४ आणि १० वर्षांची मुलं, सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, आणि आजी पूर्ण शाकाहारी. उष्ण कटिबंधातल्या बेटावर आठवडाभराचा मुक्काम, बेट अजून पक्कं नाही. तिन्ही वेळ हॉटेलातच खावं की बाहेर साध्यासुध्या ठिकाणी जावं, आणि बाहेर गेलं तर काय सांभाळावं?

बेटांवरच्या हॉटेलांत आधी स्वयंपाकघर आणि मग रेस्तराँ सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे आधी उत्तर देतो, कारणं नंतर. सकाळचा नाश्ता मुक्कामाच्या जागीच, भरपेट आणि निवांत. दिवसाचं मुख्य जेवण दुपारी, शक्य असेल तर बाहेर, जिथे त्या बेटावरचे लोक स्वतः जेवतात तिथे. संध्याकाळी लवकर आणि हलकं. बहुतेक कुटुंबं नेमकं उलटं करतात. दुपारी पोहण्याच्या नादात काहीतरी तोंडात टाकायचं आणि रात्री समुद्रकाठी मोठं जेवण मांडायचं. सुट्टीतली निम्मी भांडणं त्या रात्रीच्या टेबलावर होताना मी पाहिली आहेत. पोरं पेंगुळलेली, आजोबा वैतागलेले, पदार्थ यायला पाऊण तास, आणि वेटर बिचारा मधल्या मध्ये.

दुपारचा आग्रह का, ते सांगतो. बेटांवरच्या छोट्या खानावळींत स्वयंपाक बहुधा सकाळी एकदाच होतो आणि संपेपर्यंत विकला जातो. बालीतलं वारुंग बघा. काचेच्या कपाटात भाज्या, मासा, टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), अंडी मांडून ठेवलेली असतात, आणि भाताभोवती हवं ते वाढून घेतलं की झालं नासी चाम्पूर. साडेअकरा-बाराला गेलात तर सगळं नुकतं उतरवलेलं मिळतं. तेच अन्न संध्याकाळी सातला दिवसभराचा उकाडा खाऊन बसलेलं असतं. पदार्थ तोच, जोखीम वेगळी. शिवाय पदार्थ समोर दिसतात, तेव्हा चार वर्षांच्या मुलाला मेन्यू वाचून दाखवावा लागत नाही. तो बोट दाखवतो, वाढणारी वाढते, दोन मिनिटांत घास सुरू.

संध्याकाळचं गणित वेगळं. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य वर्षभर जवळजवळ त्याच वेळेला, सहा-सातच्या दरम्यान मावळतो. तो सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाशही फार टिकत नाही. मग होतं काय, की सूर्यास्त बघायला सगळ्या बेटावरचे पर्यटक एकाच अर्ध्या तासात टेबल मागतात आणि स्वयंपाकघरात एकदम वीस-पंचवीस ऑर्डरी येऊन पडतात. त्या वेळी आत काय चाललेलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही साडेपाचला जाऊन बसा. शेफला उसंत असते, हवं ते टेबल मिळतं, मुलांचं ताट पहिलं येतं, आणि सूर्य मावळेपर्यंत तुमचं जेवण उरकत आलेलं असतं. देखावा तोच, गर्दीचा त्रास नाही. फक्त एक गोष्ट आधी विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी दुपारी तीन ते साडेपाच-सहा स्वयंपाकघर बंद असतं.

आता बेट निवडण्याबद्दल, कारण तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात किंवा अडकतात. बेटं ढोबळमानाने दोन प्रकारची. एका प्रकारात अख्खं बेट म्हणजेच एक रिसॉर्ट, जसं मालदीवमध्ये. तिथे 'बाहेर' नावाची जागाच नसते, चारही बाजूंना पाणी. अशा ठिकाणी नुसत्या नाश्त्यासह खोली घेणं हा भाबडेपणा आहे. दुसऱ्या दिवशी मेन्यूकार्ड उघडलं की कळतं. तिथे फुल बोर्ड घ्या, म्हणजे तिन्ही जेवणं भाड्यात. दुसऱ्या प्रकारात बेटावर गावं असतात, बाजार असतो, शाळा सुटल्यावर पोरं टपऱ्यांवर उभी असतात: मॉरिशस, बाली, श्रीलंका, फुकेत, हवाई, फिजी. इथे फुल बोर्ड घेतलं की दुपारच्या जेवणासाठी रोज हॉटेलात परतावं लागतं आणि फिरण्याचा दिवस मधोमध तुटतो. इथे नाश्त्यासह खोली पुरे. हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण भाड्यात, घेतलं तर त्यातलं रात्रीचं जेवण दुपारी बदलून मिळतं का हे लेखी विचारा. काही हॉटेलं कुरकुर न करता देतात, फक्त कुणी मागत नाही.

मालदीवमध्ये मधला मार्गही आहे. २००९ नंतर तिथे लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली. तिथे राहिलात तर गावातली छोटी कॅफे आहेत, सकाळी मस हुनी मिळतं (ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची, सोबत पातळ रोटी), आणि खर्च रिसॉर्टच्या मानाने बराच कमी. मात्र वस्तीच्या बेटांवर मद्य मिळत नाही, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाला खाण्याची ठिकाणं बंद होतात. हे आधी ठाऊक असेल तर त्या दिवशी मुलांना आधीच जेवू घालता येतं. आणखी एक गंमत: तिथली काही रिसॉर्टं आपलं घड्याळ राजधानी मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून. बोट मालेच्या वेळेने आणि जेवण रिसॉर्टच्या वेळेने, असा घोळ पहिल्या दिवशी हमखास होतो.

बेटावर कुठेही जेवताना एक प्रश्न डोक्यात असू द्या: हे इथे आलं कसं? बेटावरचं बहुतेक अन्न बोटीने येतं, नाहीतर विमानाने. हवाईसारखं सुपीक, श्रीमंत बेटसुद्धा आपल्या खाण्यातला फार मोठा भाग बाहेरून आणतं. मालदीवमध्ये तर मासा आणि नारळ सोडला तर जवळपास सगळंच येतं. म्हणून स्ट्रॉबेरी, चीज, सॅलडची कोवळी पानं, गोमांसाचा बर्गर यांची किंमत डोळ्यांत पाणी आणते. त्यात पुन्हा ती पानं प्रवासात अर्धी कोमेजलेली असतात. उलट जे तिथेच पिकतं आणि पोहतं ते स्वस्त आणि ताजं: केळी, पपई, अननस, नारळ, रताळी, नीरफणस, कसावा, त्या दिवशीचा मासा, अंडी. मुलांना नीरफणसाच्या तळलेल्या कापा द्या, बटाट्याच्या फ्राइजची आठवण निघत नाही. याच नीरफणसाची रोपं ताहितीहून कॅरिबियनला न्यायला निघालेल्या 'बाउंटी' जहाजावर १७८९ मध्ये बंड झालं होतं. पुढे १७९३ मध्ये दुसऱ्या जहाजाने ती पोचवली. दहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगितली की तो कापा संपवतो, हा स्वानुभव.

म्हणून वेटरला 'इथलं स्पेशल काय' असं विचारू नका. स्पेशल म्हणून जे लवकर खपवायचं असतं तेच पुढे केलं जाण्याची शक्यता असते. 'आज काय आलंय?' असं विचारा. वादळामुळे दोन-तीन दिवस बोटी बंद असतील तर 'कॅच ऑफ द डे'ची पाटी बघून मासा मागवण्यात अर्थ नाही. होड्या किनाऱ्यावर उलथ्या पडलेल्या तुम्हालाच दिसत असतात.

मासा. यावर जरा थांबतो, कारण बेटावर फिरायला येणाऱ्यांना यातलं सगळ्यात कमी ठाऊक असतं.

प्रवाळाच्या आसपास राहणाऱ्या मोठ्या माशांमध्ये सिग्वाटेरा नावाची विषबाधा करणारं विष असू शकतं. प्रवाळावरच्या शेवाळावर गॅम्बिअरडिस्कस नावाचे सूक्ष्मजीव वाढतात, लहान मासे ते शेवाळ खातात, लहानांना मोठे खातात, आणि प्रत्येक पायरीला विष साठत जातं. त्यामुळे सगळ्यात वरचे, सगळ्यात मोठे मासे धोक्याचे: बराकुडा, मोरे ईल, मोठे ग्रुपर, मोठे स्नॅपर, अँबरजॅक. या विषाला वास नाही, चव नाही, मासा ताजा फडफडीत असतो. शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. पुढे ओठांना-बोटांना मुंग्या येतात आणि थंड वस्तू हातात धरली की चटका बसल्यासारखं वाटतं. ही शेवटची खूण विशेष ओळखीची. मुंग्यांचा हा त्रास कधी कधी आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. १७७४ मध्ये जेम्स कुकचं जहाज आज आपण ज्याला वानुआटू म्हणतो त्या बेटांवर असताना त्याच्या अधिकाऱ्यांनी दोन तांबूस मासे खाल्ले आणि सगळे आजारी पडले. उरलंसुरलं खाणारी जहाजावरची डुकरं आणि कुत्रीही सुटली नाहीत. म्हणजे प्रकार जुना आहे, पण टाळणं कठीण नाही. बराकुडा आणि मोरे ईल खाऊच नका. प्रवाळातल्या भल्यामोठ्या माशाच्या तुकड्यापेक्षा ताटात अख्खा मावेल असा मासा बरा. डोकं, काळीज आणि गाबोळी सोडून द्या, कारण विष तिथे जास्त साठतं. माशावर माशी बसते का, चांदीचं नाणं काळं पडतं का, असल्या परीक्षांवर भरवसा ठेवू नका. कोणत्या खडकाजवळचा मासा खायचा नाही हे तिथल्या कोळ्यांना ठाऊक असतं, म्हणून पर्यटकाने गंमत म्हणून गळाला लावलेला मासा शिजवून देण्याचा आग्रह हॉटेलाला करू नये.

खुल्या समुद्रातले मासे, म्हणजे ट्यूना, माही-माही, बांगडा, यांना सिग्वाटेराची भीती जवळजवळ नसते. त्यांची भानगड वेगळी. पकडल्यावर बर्फ वेळेवर मिळाला नाही तर या माशांत हिस्टामीन तयार होतं आणि एकदा झालं की शिजवूनही जात नाही. खाताना जीभ चुरचुरते, मिरपूड जास्त पडल्यासारखं वाटतं. मग काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लालबुंद होतो, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं. लोक याला माशाची अॅलर्जी समजतात आणि जन्मभर मासा सोडतात. पहिल्या घासाला जीभ चुरचुरली तर तो तुकडा तिथेच ठेवा, लाजू नका. असा त्रास झालाच तर डॉक्टर अॅलर्जीवरची औषधं देतात आणि सहसा दिवसभरात उतार पडतो. श्वास लागला तर मात्र वाट बघत बसू नका.

थोडक्यात, खडकातल्या माशाच्या बाबतीत 'कुठला' हे विचारायचं आणि खोल समुद्रातल्या माशाच्या बाबतीत 'केव्हाचा'. कच्चा मासा, मग तो हवाईचा पोके असो की दक्षिण पॅसिफिकमधला नारळाच्या दुधात मुरवलेला, तुमच्या १० वर्षांच्या मुलाने चाखला तर मी काही म्हणणार नाही, पण ४ वर्षांच्या मुलाला आणि आजोबांना देऊ नका. लिंबाच्या रसाने मासा पांढरा पडतो, शिजत नाही.

आता आजी. खरं सांगायचं तर बेट निवडताना आजींचं ताट आधी बघावं, बाकीच्यांचं कुठेही भागतं. मॉरिशसमध्ये त्यांना अजिबात अडचण येणार नाही. रस्त्याकडेला ढोल पुरी मिळते: चण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, आत वालाच्या जातीच्या मोठ्या बियांची आमटी आणि चटणी, कागदात गुंडाळून हातात. भारतीय वंशाचे लोक तिथे बहुसंख्य आहेत, शाकाहार म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. फिजीतही भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे, तिथेही निभतं. आग्नेय आशियातल्या बेटांवर मात्र सावध. भाजी दिसायला भाजीच असते, पण थायलंडमध्ये तिच्यात माशाचा सॉस असतो. बालीत आणि मलेशियाच्या बेटांवर कोळंबीची आंबवलेली पेस्ट मसाल्यातच वाटलेली असते, बालीत तिला तेरासी म्हणतात आणि मलेशियात बेलाचान. श्रीलंकेत खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलमध्ये, सुक्या माशाचा चुरा असतो. 'व्हेज' म्हटल्यावर स्वयंपाकी फक्त मासा-मांसाचे तुकडे काढतो. त्यात त्याची लबाडी नसते, त्याच्या हिशेबी सॉस हे मिठासारखंच. म्हणून काय नको ते एकेक नाव घेऊन सांगा: मासा नको, सुका मासा नको, माशाचा सॉस नको, कोळंबीची पेस्ट नको, मांसाचं पाणी नको, आणि अंडं चालत नसेल तर अंडं नको. हे तिथल्या भाषेत एका कागदावर हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या माणसाकडून लिहून घ्या आणि आजींच्या पर्समध्ये ठेवा. तो कागद वेटरला नुसता न दाखवता थेट स्वयंपाकघरात पाठवा. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर तांबड्या अक्षरांत 'เจ' असं लिहिलेलं दुकान दिसलं तर निर्धास्त आत जा. तिथे मासा-मांस तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. फुकेतला दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा शाकाहार उत्सव असतो, तेव्हा तर सगळीकडे अशाच पाट्या.

मालदीवचं स्वतःचं खाणं माशावर उभं आहे, पण रिसॉर्टच्या स्वयंपाकघरांत भारत, श्रीलंका, बांगलादेशातले स्वयंपाकी भरपूर असतात. आदल्या दिवशी निरोप ठेवलात तर ते आजींसाठी मेन्यूत नसलेलं काहीतरी रांधतात, आणि आनंदाने. रोज तेच-ते करून तेही कंटाळलेले असतात.

बुफेविषयी लोकांचा गैरसमज असा, की हॉटेलचा बुफे म्हणजे सुरक्षित आणि रस्त्यावरचं म्हणजे धोक्याचं. माझं मत उलट नाही, पण इतकं सरळही नाही. अन्नात जंतू वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधल्या पट्ट्यात. शिजलेलं अन्न या पट्ट्यात २ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासापेक्षा जास्त नाही, असा नियम आम्ही पाळत असू. बेटावर दुपारी हवा ३२ अंशांच्या वर सहज जाऊ शकते. वातानुकूलित हॉलमधला बुफे ठीक. किनाऱ्यावर मांडव घालून, वाऱ्याने दिवे विझत असताना मांडलेला बुफे मला स्वतःला आवडत नाही. झाकण उघडलं की वाफ यायला हवी. सॅलड, मेयोनेझ घातलेले पदार्थ, कस्टर्ड, कोळंबी हे बर्फावर ठेवलेले हवेत, आणि तो बर्फ वितळून पाणी झालेलं नसावं. कोमट भात तर सोडूनच द्या. भातातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की पुन्हा वाढतात. बुफे उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जा, शेवटच्या नको. रस्त्यावर तव्यावरून सरळ ताटात येणारं गरम अन्न यापेक्षा कितीतरी बरं.

साधं ठिकाण चांगलं आहे हे ओळखायचं कसं? गर्दी बघा असं सगळे सांगतात. मी गर्दी कोणाची ते बघतो. गणवेशातली शाळेची मुलं, बंदरावरचे कामगार, बाळ कडेवर घेतलेल्या बायका असतील तर बसा. पाच भाषांतला चकचकीत फोटोंचा मेन्यू आणि दारात उभा राहून बोलावणारा माणूस असेल तर पुढे चला. मेन्यू जितका लांब तितका त्या छोट्या खोलीतला फ्रीजर मोठा. हात धुवायची जागा स्वच्छ असेल तर आतलंही बहुधा बरं असतं. मुलांना घेऊन जाता तर आणखी एक बघा: खाली वाळू असेल तर पोरं ताटं येईपर्यंत खेळतात, तुम्हाला बोलता येतं. पण आजोबांची खुर्ची वाळूत रुतते आणि उठताना पंचाईत होते. त्यांच्यासाठी फरशीवरचं टेबल मागा, मुलांना वाळू शेजारी असली तरी पुरते. नारळाच्या झाडाखाली बसू नका. चांगल्या हॉटेलांत नारळ वेळच्या वेळी उतरवलेले असतात, टपरीवाल्याकडे असतीलच असं नाही. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीचे दोन तास विशेष, आणि टेबलाखालचे पाय त्यांना सगळ्यात प्रिय. साडेपाचला जेवायला निघाल तेव्हा मुलांच्या घोट्यांना मलम लावलेलं असू द्या.

मागवताना माणशी एकेक पदार्थ मागवू नका. हवाईच्या प्लेट लंचमध्ये दोन मुदी भात, मॅकरोनी सॅलड आणि वर मांस किंवा मासा इतकं सगळं येतं, लहान मुलाचा त्यातला अर्धाही संपत नाही. सहा जणांत चार ताटं सांगा, मध्ये ठेवा, कमी पडलं तर पुन्हा मागवा. बसल्या बसल्या आधी मुलांसाठी साधा भात, अंडं आणि चिरलेलं फळ सांगून मोकळे व्हा. हे तीन पदार्थ जवळजवळ प्रत्येक बेटावर पाच मिनिटांत येतात. मोठ्यांनी मग हवा तेवढा वेळ मेन्यू चाळावा. 'किड्स मेन्यू'तले नगेट्स बहुतेक वेळा गोठवलेले, बाहेरून आलेले असतात. रोज तेच खाऊन मुलाचं पोट बिघडत नाही हे खरं, पण साफही होत नाही. तिखट वेगळं ठेवायला सांगा. बेटांवरच्या मिरच्या दिसायला नखाएवढ्या असतात, त्यांना कमी लेखू नका.

पाणी सीलबंद किंवा हॉटेलने शुद्ध केलेलं. मालदीवसारख्या ठिकाणी समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात, ते आंघोळीला, दात घासायला ठीक असतं. बर्फाच्या बाबतीत मध्ये भोक असलेला नळकांड्यासारखा बर्फ कारखान्यातून आलेला असतो, लादी फोडून केलेला चुरा टाळा. मुलांना जुलाब लागले तर शहाळं चांगलं, पण नुसत्या शहाळ्यावर राहू नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम फार कमी. ओआरएसची पाकिटं घरून न्या आणि पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात घाला. शौचात रक्त, ताप, किंवा मूल पाणीही पोटात ठेवत नसेल तर डॉक्टर, लगेच.

खाण्याची पिशवी सोबत नेणार असालच. कोरडे, सीलबंद पदार्थ न्या. ताजी फळं, मांसाचे पदार्थ, बिया बहुतेक बेटांच्या विमानतळावर अडवतात, कारण बाहेरची कीड बेटावर शिरली की तिला आवरणारं तिथे काही नसतं. अर्जावर विचारलं असेल ते प्रामाणिकपणे लिहा. न लिहिण्याचा दंड बिस्किटांपेक्षा फार जड पडतो.

सहल बांधून किनाऱ्यावर जेवणार असाल तर दोन सूचना. कॅरिबियन बेटांवर मँचिनील नावाचं झाड किनाऱ्यालाच वाढतं. त्याची फळं लहान हिरव्या सफरचंदासारखी, गोड वासाची आणि अत्यंत विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तर ओघळणाऱ्या पाण्यानेसुद्धा अंगावर फोड येतात. अनेक ठिकाणी खोडावर तांबडा पट्टा मारलेला असतो. किनाऱ्यावर पडलेलं कोणतंही फळ तोंडात घालायचं नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच बजावा. आणि बालीतल्या देवळांजवळ माकडांसमोर पिशवी उघडू नका, खाणं जातंच, आजोबांचा चष्माही जातो.

तारखा ठरवताना बंदचे दिवस बघून घ्या. बालीत मार्चच्या आसपास शके नववर्षाला न्येपी असतो. त्या दिवशी २४ तास अख्खं बेट थांबतं, विमानतळसुद्धा बंद, रस्त्यावर कुणी फिरायचं नाही. हॉटेलात जेवण मिळतं, पण बाहेर एक टपरीही उघडी नसते. तुम्ही स्वतःचं स्वयंपाकघर असलेला बंगला घेतला असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सामान भरून ठेवा. टोंगात रविवारी व्यापार करायचा नाही हे राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. समोआ आणि कुक बेटांवरही रविवारी बरंच काही बंद असतं. रमजानमध्ये मालदीवच्या वस्तीच्या बेटांवर दिवसा कॅफे बंद राहतात, रिसॉर्टांना फरक पडत नाही.

बिलाचं एक कलम. बाली, मालदीव अशा ठिकाणी मेन्यूत किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं छापलेली दिसतात. त्यांचा अर्थ सर्व्हिस चार्ज आणि कर वेगळे. १० टक्के सर्व्हिस आणि त्यासकट रकमेवर १० टक्के कर म्हटलं की हिशेब २१ टक्क्यांवर जातो. सर्व्हिस चार्ज लागला असेल तिथे वेगळी टिप द्यायची सक्ती नाही. हवाईत मात्र अमेरिकेची रीत चालते, १५ ते २० टक्के टिप धरूनच चला. बिल येताना रक्कम बघून आजोबा उठून व्यवस्थापकाशी भांडायला निघतात, म्हणून त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि पहिली संध्याकाळ. विमान, मग बोट, मग खोली, यात जेवणाची वेळ टळून जाते, आणि बेटांवरची स्वयंपाकघरं नऊ-साडेनऊला शेवटची ऑर्डर घेऊन ओटे पुसायला लागतात. बोटीआधी मुलांना काहीतरी कोरडं, थोडंसं द्या, भरल्या पोटी लाटा सोसत नाहीत. हॉटेलला आदल्या दिवशी कळवा की आम्ही उशिरा पोचतोय, सहा जण आहोत, दोन मुलं, एक शाकाहारी, खोलीत साधा भात, सूप आणि फळं झाकून ठेवा. इतकं लिहिलं असेल तर ठेवतात.